कोकणकडा हिमनदीनं कोरला का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढं घोळ नको. जूनमध्ये तुम्ही मोटारसायकलवर मनाली ते लेह गेलात. वाटेत ढाब्यावर कुणीतरी सांगितलं, की दरी इंग्रजी यू-सारखी दिसली तर हिमनदीची, व्ही-सारखी दिसली तर नदीची. पावसाळा संपल्यावर हरिश्चंद्रगडावर गेलात, कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली बघितलं आणि तो अर्धगोल पाहून वाटलं, हे तर तिकडच्यासारखंच आहे. मग सह्याद्रीतही कधीकाळी हिमनद्या होत्या का? नसतील, तर इकडचे माथे सपाट आणि तिकडचे टोकदार हा फरक दगडाचा, भूकंपाचा की बर्फाचा?

कोकणकड्यापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. त्याला हिमनदीचं नखही लागलेलं नाही. महाराष्ट्रात हिमनदी होती का, असं विचारलंत तर मात्र 'होती' म्हणावं लागेल, फक्त भलत्याच ठिकाणी आणि भलत्याच काळात. त्याकडे शेवटी येतो.

खरी अडचण अशी, की तुम्ही आकारावरून कारण ओळखायला निघालात. माझी निम्मी नोकरी दख्खनच्या काळ्या पाषाणात गेली, धरणांचे पाये, बोगदे, विहिरी असल्या कामांत. आणि काही उन्हाळे हिमाचलातल्या लाहौलमध्ये नकाशे करण्यात गेले. दोन्हीकडे एकच गोष्ट शिकलो. आकार हा सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार. एकच अर्धगोल बर्फही करतं, पाणीही करतं आणि नुसती दरड कोसळूनही होतो. म्हणून कुठल्याही डोंगरापुढं उभा राहिलो की मी आधी दगड कुठला आणि तो कसा पडलाय ते बघतो, मग त्याला उचललं कुणी आणि अजून उचलतंय का, आणि कोरणारा कोण हा प्रश्न सगळ्यात शेवटी. लोक शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि फसतात.

आपल्या सह्याद्रीपासूनच बघू. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा ज्वालामुखी वगैरे चित्र डोळ्यांपुढं आणू नका. पातळ लाव्हा पसरत गेला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर. आज उरलेला भागच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. महत्त्वाचं म्हणजे हे थर पडले तसेच राहिले. कुणी त्यांना दाबलं नाही, घड्या घातल्या नाहीत. मुंबई-पनवेलच्या बाजूला ते पश्चिमेकडे कललेत हे खरं, पण घाटमाथ्यावर जवळजवळ आडवेच आहेत. चळतीतल्या भाकऱ्या वरून सोलत गेलं तर वर पुन्हा सपाट भाकरीच येणार. सपाट माथ्यांचं निम्मं कारण एवढंच. महाबळेश्वर-पाचगणीला त्यावर आणखी जांभ्याची टोपी आहे, म्हणून तिथली पठारं इतकी टेबलासारखी दिसतात.

आता एक थर जवळून बघा. माळशेज घाटात पावसाळा ओसरता ओसरता, धबधबे अजून चालू असताना गेलात तर सोपं जाईल. पाणी जिथून उडी घेतं तो थराचा घट्ट, काळा भाग. त्यात उभ्या भेगा असतात, कारण लाव्हा थंड होताना आक्रसतो. पाणी जिथं टेकतं, तिथं बहुतेक वेळा खालच्या थराचा वरचा भाग असतो: भोकाभोकांचा, भोकांत पांढरे खडे भरलेला. विहिरी खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. आणि काही थरांच्या मधे गेरूसारखी तांबडी पट्टी दिसते, कधी चार बोटं, कधी हातभर. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात बनलेली माती, वरून नवा लाव्हा आला तशी भाजून निघालेली. नखानं उकरली जाते आणि ओली झाली की चुरा होतो. एका बोगद्यात सकाळी आम्ही हीच पट्टी बघून 'संध्याकाळी आधार देऊ' म्हणून जेवायला गेलो. परत आलो तर पट्टीच्या वरचा काळा दगड खाली पडलेला, अख्खाच्या अख्खा. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. त्या दिवसापासून कुठल्याही कड्याकडे बघताना मी आधी तांबडी पट्टी शोधतो.

कोकणकड्यावर बोगद्यातलंच मोठ्या प्रमाणावर चाललंय. मऊ थर आत खाल्ला जातो, वरचा घट्ट थर अधांतरी राहतो, उभ्या भेगेवर सुटतो आणि खाली जातो. भेगा उभ्या असल्यामुळे कडा उतरता न होता ताठच राहतो, किंबहुना पोटात शिरतो. नळीच्या वाटेनं चढला असाल तर तुम्ही अशाच एका कमजोर रेषेतून वर आलात. असल्या नाळा बहुधा सांध्यांवर (खडकातल्या उभ्या भेगांवर) नाहीतर डाइकच्या, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंतीच्या, रेषेवर पडतात. आणि हा कडा हिमनदीचा असता तर पायथ्याशी काय दिसलं असतं? बर्फ डोंगराच्या कुशीत बसून गोल फिरल्यासारखं घसरतं, त्यामुळे कुशीचा तळ खोलगट होतो, पुढं उंबरा राहतो आणि बर्फ गेल्यावर त्यात बहुतेकदा तळं साचतं. पायथ्याच्या बेलपाडा गावाच्या बाजूनं बघा. कड्याखाली ना खळगा, ना उंबरा. कड्यातून पडलेल्या धोंड्यांचा उतार आहे आणि त्यावर जंगल, थेट कोकणात उतरणारं.

शिवाय साधं गणित आहे. लाहौलमध्ये आज उन्हाळ्यातही बर्फ टिकतं ती रेषा साधारण 5,000 मीटरवर आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात ती हजार मीटरनं खाली आली असं धरा. आपण तर तिकडच्यापेक्षा कितीतरी दक्षिणेला, उष्ण पट्ट्यात. कळसूबाई आपला सर्वांत उंच, 1,646 मीटर. बर्फ जमणार कुठं?

मग सह्याद्रीची ही भिंत उभी कुणी केली? इथं शाळेतलं उत्तर आणि खरं उत्तर थोडं वेगळं आहे. एक मोठी भेग पडली, पश्चिमेची बाजू खचली आणि कडा उभा राहिला, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. पश्चिम किनाऱ्याचा जन्म जमीन फाटूनच झाला हे बरोबर. सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्यापासून सुटला तो याच सुमारास. पण आज तुम्ही ज्या कड्यावर उभे राहता, तो त्या मूळ काठाच्या बराच आत आहे. तो मागं सरकत आलाय. सरकवलं नद्यांनी.

महाबळेश्वर घ्या. कृष्णा तिथं उगवते, अरबी समुद्रापासून फार तर 65 किलोमीटरवर, आणि तोंड फिरवून 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री त्याच डोंगरावर उगवते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये हरिहरेश्वरला समुद्र गाठते. दोघींना उतरायचंय तेवढंच. मग जोर कुणाला जास्त? वर पाऊसही पश्चिमेलाच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तर पूर्वेला फलटणला पाचशेच्या आसपास. कोकणातल्या आखूड नद्या घाटमाथा पाठीमागून कुरतडत येतात, दर पावसाळ्याला थोडा थोडा. माथेरान बघितलंय ना? घाटमाथ्यापासून तुटून कोकणात एकटं उभं आहे. कडा मागं सरकला, ते तिथंच राहिलं. कोकणकड्याचा अर्धगोल हा अशाच कुरतडण्यातला एक घास.

भूकंपाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा, दोन्ही भूकंपांनी माणसं मारली. डोंगर मात्र वाढवले नाहीत. भूकंप होतो म्हणजे डोंगर उचलला जातोय असा अर्थ लावू नका. जुन्या, थकलेल्या खडकातही ताण साचतो आणि सुटतो. कोयनेत धरणाच्या जलाशयाचाही त्यात हात होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दख्खनमध्ये आज उचलण्यापेक्षा झिजण्याचं पारडं जड आहे. हिमालयात तसं नाही.

हिमालयात पहिला फरक दगडाचा. तुम्ही मनालीहून निघालात ते नीस आणि शिस्ट या भाजल्या-दाबल्या गेलेल्या खडकांतून. अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर त्यातलेच. बारालाचा खिंड ओलांडलीत की समुद्रतळाचा गाळ सुरू होतो: चुनखडी, शेल, वालुकाश्म, सगळं घड्या पडलेलं. टेथिस नावाचा समुद्र होता, त्याचा तळ. तुमच्या घरी देवघरात शाळिग्राम असेल तर तो याच समुद्रातल्या शंखवर्गीय प्राण्याचा, अमोनाइटचा जीवाश्म. नेपाळात गंडकीच्या पात्रात सापडतो. पुढं रुमत्से ते उपशी या पट्ट्यात जांभळे-हिरवे थर भिंतीसारखे उभे असतील, फोटो काढलेच असतील तुम्ही. ते थर मुळात आडवे पडले होते. आणि लेहच्या मागची रांग ग्रॅनाइटची.

म्हणजे एका रस्त्यावर तीन-चार जातींचे खडक, आणि त्यातले बरेचसे तिरके नाहीतर उभे. भारताचा भूपट्ट सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि अजून थांबलेला नाही. आजही आपण वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय. त्यातले दोनेक सेंटिमीटर हिमालयाच्या दाबण्यात जिरतात. उभ्या पानांची चळत वरून झिजवली तर सपाट माथा कुठून येणार? मऊ पान खाली जातं, कडक पान सुरीसारखं वर राहतं. टोकदारपणाचं पहिलं श्रेय इथं जातं, बर्फाचा नंबर त्यानंतर.

आता हिमनदी. लोकांना वाटतं बर्फ दगड कापतं. नुसत्या बर्फाला ते जमत नाही. बर्फ मऊ असतं. त्याच्या तळाशी अडकलेले धोंडे आणि रेती कापतात, बर्फ फक्त वजन देतं आणि ओढतं. दुसरं काम उपटण्याचं: भेगेत पाणी गोठतं, तुकडा सैल होतो, बर्फ तो उचलून नेतं. म्हणून ज्या खडकाला भेगा जास्त, त्याला हिमनदी भराभर उपटते. जो एकसंध, त्याला घासून गुळगुळीत करते. नदी दरीच्या तळातल्या एका रेषेत काम करते, हिमनदी मात्र दरी भरून वाहते आणि तळाबरोबर दोन्ही बाजूही घासते. यू आकार येतो तो यामुळे. बोगद्यातून बाहेर पडल्यावर सिस्सूला चंद्रा नदीच्या पलीकडे उंचावरून पडणारा धबधबा आठवतोय? तिथं बाजूची छोटी हिमनदी मोठीला येऊन मिळायची. मोठीनं आपला तळ खोल नेला, छोटीला ते झेपलं नाही. बर्फ गेल्यावर छोटीची दरी हवेत लोंबकळत राहिली आणि तिच्या पाण्याला उडी मारण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आणि एका शिखराला तीन-चार बाजूंनी हिमनद्यांनी पोखरलं की टोक उरतं. गंगोत्रीजवळचं शिवलिंग हे त्याचं सुरेख उदाहरण, त्यातही दगड ग्रॅनाइटचा म्हणून ते टोक टिकलंय.

पण ढाब्यावरचा नियम आंधळेपणानं लावू नका. हिमनदी गेली की दरी तशीच राहत नाही. नदी यू-च्या तळात नवी व्ही खोदते. दोन्ही बाजूंनी दगडगोट्यांचे पंखे उतरतात आणि यू-चे कोपरे बुजवून टाकतात. लाहौलमध्ये असल्या कितीतरी दऱ्या लांबून व्ही-सारख्याच दिसतात. उलट लेहच्या वाटेवरचं मोरे मैदान बघा. 4,700 मीटरवर, अफाट रुंद, सपाट. बघणारा म्हणणार केवढी ही हिमनदी! पण ते मैदान सपाट दिसतं ते भरल्यामुळे. डोंगरांतून आलेली वाळू-गोटे आणि तळ्यांचा गाळ साचून तळ वर आलाय.

मी ओळखतो ते पायाखालच्या दगडगोट्यांवरून. हे कसं शिकलो तेही सांगतो, कारण त्यात माझीच फजिती आहे. विद्यार्थी असताना बातलजवळ, चंद्रेच्या वरच्या खोऱ्यात (तुमच्या वाटेवर नाही, स्पितीच्या वाटेवर), एक मोठा आडवा ढिगारा बघून मी वहीत ठोकून दिलं, 'मोरेन'. म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेला राडारोडा. सरांनी वही बघितली, ढिगाऱ्यावर चढले, चार दगड फोडले आणि विचारलं, 'सगळे एकाच कड्यातले दिसतायत. तुझ्या हिमनदीला वाटेत दुसरं गिऱ्हाईकच भेटलं नाही का?' मी वर बघितलं. कड्यावर ताजा, फिकट ओरखडा होता. अख्खा ढिगारा दरडीचा. काही धोंड्यांचे तुकडे तर अजून एकमेकांना जुळत होते, फुटलेल्या बशीसारखे.

त्याच दुपारी सरांनी पलीकडे खरा मोरेन दाखवला. त्यात ग्रॅनाइट, नीस, स्लेट, सगळे एकत्र. माणसाएवढा धोंडा आणि पिठासारखी राखी माती शेजारी शेजारी, मधलं काही निवडलेलं नाही. एक नारळाएवढा दगड हातात दिला. तो गोल नव्हता, धारदारही नव्हता. एक बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट आणि त्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे. बोट फिरवलं तर लागत होते. नदीचे गोटे असे नसतात. ते गोल होतात, जवळपास एका मापाचे एकत्र पडतात आणि पाण्याच्या दिशेनं एकमेकांवर कलून बसतात. ती राखी माती म्हणजे दगडाचं पीठ. हिमनद्यांच्या ओढ्यांचं पाणी दुधट दिसतं ते याच्यामुळे.

तेव्हा, तुमच्या मूळ प्रश्नाला धरून: फरक तिन्हींचा आहे, पण सारख्या वाट्यानं नाही. माथा सपाट की टोकदार हे मुख्यतः थर आडवे की उभे यावर. डोंगराची एवढी उंची मुळात कुणामुळे, तर तिकडे भूपट्टांच्या टकरीमुळे. आणि एवढी उंची आहे म्हणून तिथं बर्फ टिकतं, मग ते वरच्या भागाला शेवटचा हात फिरवतं. खाली, जिथं बर्फ कधी पोचलंच नाही, तिथं हिमालयातही नद्या आणि दरडीच काम करतात. कुठल्या खोऱ्यात कुणाचा वाटा किती, हे मात्र तिथं जाऊन बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

राहिली महाराष्ट्रातली हिमनदी. चंद्रपूरजवळ इरई इथं पैनगंगेच्या चुनखडीचा कातळ उघडा पडलाय आणि त्यावर लांबच लांब समांतर ओरखडे आहेत, बातलच्या त्या दगडावर होते तसेच, फक्त जमिनीवर. वर तालचेरचा थर: नाना जातींचे गोटे बारीक मातीत रुतलेले. ओडिशातल्या तालचेरला हे थर पहिल्यांदा वर्णिले गेले ते 1856 मध्ये आणि तेव्हाच, भर उष्ण प्रदेशात, 'हे बर्फाचं काम दिसतंय' असं म्हणण्याचं धाडस त्या भूशास्त्रज्ञांनी केलं होतं. इरईचे ओरखडे भूशास्त्रज्ञ फेडन यांनी 1870 च्या दशकात नोंदवले. वय साधारण 30 कोटी वर्षं. दख्खनचा लाव्हा तेव्हा कुठंच नव्हता, हिमालय तर नव्हताच. आपण गोंडवना या जुन्या महाखंडाचा भाग होतो आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होतो. बर्फ वितळलं, वर जंगलं आली, गाडली गेली, आणि चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतून आज निघतो तो कोळसा त्यांचाच. ओरखडे इतकी वर्षं टिकले ते वरचा थर झाकण म्हणून राहिला म्हणून. त्या काळातली दरी, तिचा यू, काहीच शिल्लक नाही. आकार गेला, ओरखडे राहिले.

गेलात तर उन्हाळ्यात जा, नदीचं पाणी उतरलेलं असतं, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात ओरखडे दिसतच नाहीत. हातोडी नेऊ नका, तिथलं काही फोडायचं नसतं. बाटलीभर पाणी कातळावर ओता, रेघा उठून दिसतील. फोटो पाठवलात तर बघेन, फक्त शेजारी एखादं नाणं किंवा किल्ली ठेवून जवळून काढा. मागच्या वेळच्या फोटोंत निम्मी जागा मोटारसायकलनं खाल्ली होती.